तिसऱ्या वळणावरचं सिंहासन

लेक जिन्याच्या तिसऱ्या वळणावर थांबलीच नाही. तिथल्या स्टुलाला वळसा घालून ती धडाधड वर गेली आणि कठड्यावरून वाकून म्हणाली, "बाबा, हरलात!"

सुतार स्टुलापाशीच उभा राहिला. ते त्यानेच केलेलं. लग्न होऊन आली तेव्हापासून बायको इथवर चढली की धापा टाकत पायरीवर बसायची. मग त्याने उरल्यासुरल्या फळ्यांचं हे स्टूल ठोकलं, कडेला मुकुट कोरला आणि शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं, "राणीसरकारांचं सिंहासन." सगळे हसले. तीही हसली. पुढे लेकही त्यावर बसायला लागली, तेव्हा त्याची आई म्हणाली, पोरगी आईवर गेली, आळस रक्तातच आहे.

शाळेतल्या तपासणीत खरं काय ते कळलं. लेकीच्या हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला जन्मापासून भोक होतं. डॉक्टरांनी मांडीतल्या शिरेतून नळी नेली आणि दोन्ही बाजूंनी घट्ट बसणारी बारीक जाळी लावून ते बुजवलं. छाती उघडावी लागली नाही. सुताराला ते काम फार आवडलं होतं. चोख, एकही खिळा न ठोकता.

आज लेकीला पळायची परवानगी मिळाली. डॉक्टरांनी घरच्यांनाही तपासून घ्यायला लावलं होतं. आजच बायकोचा रिपोर्ट आला. तिलाही तसंच भोक होतं, लेकीपेक्षा मोठं.

"हे लहानपणीच बुजवायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले. "इतक्या वर्षांत फुप्फुसं बिघडलीत. आता बुजवलं तर हृदयाला झेपणार नाही."

 बायको बोलली, हळूच, मोठं ओझं उतरल्यासारखी.

"म्हणजे मी आळशी नव्हते तर."

आता खालून तिच्या चपलांचा आवाज येत होता. थोडा वेळ यायचा, मग थांबायचा.

लेक उड्या मारत परत खाली आली. "बाबा, हे मोडून टाका ना. आता कोण बसतंय यावर?"

सुताराने मुकुटावरून अंगठा फिरवला.

"मोडायचं नाही गं," तो म्हणाला. "अजून दोन करायचीत, खालच्या वळणांवर. साधी. बिनमुकुटाची."