मनगटाचा पट्टा

परदेशी सुट्टीवर आल्यापासून दोन वर्षांच्या लेकीचं मनगट पट्ट्याने स्वतःच्या मनगटाशी बांधल्याशिवाय ती समुद्राकडे फिरकत नव्हती.

“पोरगी आहे की शेळी?” नवरा चारचौघांत खेकसला. “तुझा भित्रेपणा तिच्या गळ्यात मारू नकोस!”

त्याच दुपारी तो सर्फिंगला गेला. तिथे लाटा प्रवाळाच्या खडकावर फुटायच्या, म्हणून शिकवणाऱ्याने बोर्डाची दोरी त्याच्या घोट्याला बांधली होती. पहिल्याच मोठ्या लाटेत ती तुटली, बोर्ड वाहून गेला आणि शिकवणाऱ्याने त्याला दंडाला धरून बाहेर ओढलं.

सोललेल्या पाठीला मलम लावताना ती म्हणाली, “दोरी शेळ्यांनाच लागते ना?”

“गप बस! दोरीच कच्ची होती.”

सुट्टीच्या शेवटच्या सकाळी ती आंघोळ करून आली, तर खोलीत बापलेक नव्हते आणि खुंटीवर पट्टाही नव्हता. उशिरा का होईना, अक्कल आली म्हणायची, असं पुटपुटत ती समुद्राकडच्या खिडकीशी गेली.

 

पट्टा दुहेरी गाठ मारून लाटांकडे निघालेल्या नवऱ्याच्या घोट्याला आणि नव्या बोर्डाला बांधलेला होता, आणि लेक गुडघाभर पाण्यात एकटीच उभी राहून त्याला टाटा करत होती.