धुतलेली बाटली

ज्योत्स्नानं पुण्याच्या प्रयोगशाळेत शोधलेला रेणू कर्करोगाच्या पेशीतलं एकच एंझाइम बंद पाडायचा, चांगल्या पेशींच्या वाटेला जायचा नाही. फोनवर तिनं मायला एवढंच सांगितलं, “ह्या औषधानं केस गळत न्हाईत.” सुट्टीत ती नांदूरघाटला आली, तर केमोनं उघडं पडलेलं डोकं पदरात गच्च गुंडाळून माय उंबऱ्यात बसलेली, शेजारी धुऊन वाळत ठेवलेली काचेची बाटली. गावच्या दवाखान्यात पूर्वी औषधाला बाटली घरूनच न्यावी लागायची. “हिच्यात मावंल न्हवं?” मायनं विचारलं. औषध अजून उंदरांपर्यंतच पोचलंय, माणसांपर्यंत यायला वर्षं जातील, हे ज्योत्स्नाच्या ओठांवर आलं. “पुढच्या खेपेला भरून आणते,” ती म्हणाली. माय हरखली. “आणताना झाकण घट्ट लाव, बाई. वाटंत सांडंल.” परतीची एसटी सुटली. मांडीवरच्या रिकाम्या बाटलीचं झाकण ज्योत्स्ना पार पुण्यापर्यंत घट्ट करत राहिली.