गाळणी बंद पडली तेव्हा

सकाळी दहाला सौजन्य-गाळणी बंद पडली आणि ब्लॉगांखालच्या प्रतिक्रिया लोकांनी मुळात लिहिल्या होत्या तशाच दिसू लागल्या. कुंदाताईंनी आपल्या ब्लॉगखाली आधी जिवलग मैत्रिणीची, ललिताची, प्रतिक्रिया शोधली. ‘किती सुरेख! लिहीत राहा,’ या ओळीच्या जागी आता होतं, ‘पुरे कर हे रडगाणं.’ आधीच्या त्या गोड ओळीच्या भरवशावर कुंदाताई नोकरी सोडून लिहायला बसल्या होत्या.

त्यांनी फोन लावला.

“अगं, गाळणी सगळं गोड करूनच पोचवते ना! म्हणून तर मनातलं लिहायचे,” ललिता म्हणाली.

“आणि तोंडावर कौतुक करायचीस ते?”

ललिताने फोन ठेवला.

दुपारी गाळणी पूर्ववत सुरू झाली. थोड्याच वेळात ललिताची नवी प्रतिक्रिया आली, ‘चुकलं माझं, कुंदा. माफ कर.’

तिने मुळात काय लिहिलं, ते फक्त गाळणीला ठाऊक आहे.