टीव्हीवरची खोली

टीव्हीवर एक पलंग दिसला. एकट्यापुरता, बुटका, वर गुलाबी फुलांची चादर. तो त्यांच्या घरातला नव्हता.

तिच्या हातातली टॉवेलची घडी अर्धीच राहिली. आधीचा फोटो तिच्या भाचीचा होता, नंतरचा समुद्राचा. मधेच हा पलंग. कुठला फोटो कुणाच्या फोनवरून आला, ते खाली बारीक अक्षरांत येत असे. तिथे नवऱ्याचं नाव होतं.

ही सोय त्यानेच केली होती. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि घरी आला तरी त्याचे हात स्वस्थ बसत नसत. एके दिवशी कसलीशी काळी डबी आणून त्याने कपाटावर ठेवली. तेव्हापासून घरातल्या सगळ्या फोनमधले फोटो आपोआप टीव्हीवर फिरू लागले आणि सगळ्यांची गाणी कुठल्याही खोलीत वाजू लागली. "घर एक, तर खजिनाही एक," असं वर तोंड करून म्हणाला होता. आता खजिन्यातून भलतंच काही बाहेर पडत होतं.

ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दुसऱ्यांचे डोळे तपासायची, आज स्वतःचे पणाला लावले. रिमोट घेऊन एकेक फोटो मागे नेला. खिडकी, बाहेर बाग आणि बाकं. मोरीच्या भिंतीला चकचकीत स्टीलचा दांडा. पलंगाच्या उशाशी लाल बटण. आणि शेवटी एका बाईचा हात. नखं रंगवलेली, बोटांत किल्ली.

तिच्या मनात पाल चुकचुकली.

मग एकेक गोष्ट आठवत गेली. हल्ली त्याला उशीर होतो. फोन टेबलावर पालथा ठेवतो. गेल्या रविवारी "जरा जाऊन येतो" म्हणाला आणि जेवायच्या वेळेला उगवला. कुठे गेला होता, हे तिने विचारलं नव्हतं. केवढा हा भोळेपणा! खोली घेतली, चादर पसरली, किल्लीसुद्धा तिच्या हातात दिली. सुतावरून स्वर्ग गाठायला तिला टॉवेलांच्या घड्या संपायच्या आतच जमलं.

संध्याकाळी तो आला.

"दोन मजल्यांच्या मधे लिफ्ट अडकली होती," तो बूट काढता काढता म्हणाला.

तिने सदरा हातात घेऊन हुंगला. वंगणाचा वास. माणूस इतका पोचलेला असेल तर वंगणही मुद्दाम फासून येईल, असं तिला वाटलं.

आतल्या खोलीत सासरे होते. जन्मभर तलावावर पोरांना पोहायला शिकवलं, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. एके काळी त्यांची हाक या काठावरून त्या काठावर पोचायची. हल्ली मात्र ते चहाचा कपसुद्धा आवाज न करता खाली ठेवत. त्यांच्या कानावर नको, म्हणून तिने त्यांचं दार ओढून घेतलं आणि टीव्हीकडे बोट दाखवलं.

"ही खोली कुणाची?"

"मला काय माहीत?"

"तुझ्या फोनवरून आलीये. आणि हा हात?"

तो हसला. तिथेच चुकला.

"हसतोस काय? रविवारी कुठे होतास?"

"सलूनमध्ये! गर्दी होती. हा घे फोन, बघ तूच."

तिने पाहिलं. त्यात पलंग नव्हता, खिडकी नव्हती, हातही नव्हता.

"पुसलेस," ती म्हणाली. तिचा आवाज चढला, आणि मागे दार उघडलं.

"त्याला बोलू नकोस. ते फोटो माझे आहेत." मास्तर उंबऱ्यात उभे होते. "याचा जुना फोन मी वापरतो ना? नाव अजून त्याचंच येत असेल."

नवऱ्याने कपाळावर हात मारला. मग त्याचा हात तसाच राहिला. "पण बाबा, ही खोली कुठली?"

"म्हाताऱ्यांसाठी जागा आहे. चांगली आहे रे. मोरीत धरायला दांडा आहे. रात्री काही झालं तर बटण दाबायचं. किल्ली घेतलेल्या बाई तिथलं सगळं बघतात. मी नाव दिलंय. पुढच्या महिन्यात जाईन."

"आणि हे आम्हाला टीव्हीने सांगायचं?" नवऱ्याचा आवाज फाटला. "काय कमी केलं मी?" तो तोंड फिरवून गॅलरीत निघून गेला.

तिला आधी हायसं वाटलं. दुसरी बाई नव्हती. मग हायसं वाटल्याचीच लाज वाटली. ती सासऱ्यांजवळ गेली.

"बाबा, असं अचानक का? तुम्हाला कुणी काही बोललं का?"

मास्तरांनी गॅलरीकडे पाहिलं. मुलगा पाठमोरा होता. त्यांनी आवाज अगदी खाली आणला.

"मागे एकदा दुपारी गाणी ऐकत पडलो होतो. एक गाणं संपलं आणि तुझा आवाज आला. बहिणीला निरोप पाठवला होतास तू. 'म्हातारा आहे तोवर हे घर मला माझं वाटायचं नाही,' असं म्हणत होतीस. फोटो जसे सगळ्यांचे एकत्र होतात ना, तसेच आवाजही होत असणार."

तिची नजर कपाटावरच्या काळ्या डबीकडे गेली.

"राग नाही, पोरी. पण मला ते पुसता येत नाही. तो गाणी लावायच्या आत तूच पुसून टाक."