प्रयोज्य

मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिक परीक्षेत ज्याला प्रश्न विचारायचे, तो ‘प्रयोज्य’ आपणच आणायचा असतो. मैत्रिणीने ऐनवेळी टांग मारली, तेव्हा शलाकाने आईलाच परीक्षकांपुढे बसवलं आणि चाचणी वाचायला घेतली.

“झोप शांत लागते का?”

“तुझे बाबा गेल्यापासून कुठली गं? तू घोरत असतेस, मी आढ्याकडे बघत...”

“आई, फक्त हो किंवा नाही.”

“नाही.”

“उगाचच रडू येतं?”

“उगाच नाही गं...” शलाकाने डोळे वटारले. आई म्हणाली, “हो.”

परीक्षक खूश झाले. “प्रयोज्याच्या बोलण्यात जराही गुंतली नाहीस. पैकीच्या पैकी गुण.”

शलाका तरंगतच जिना उतरली. मागून सावकाश येणाऱ्या आईने विचारलं, “शलू, पुन्हा कधी असते गं ही परीक्षा?”