कस्तुराची हरकत

"या बाईंना जरा बाहेर जायला सांगा," बॅगवाला म्हणाला, आणि कस्तुराच्या मनात पाल चुकचुकली.

बाहेर कशाला? शालनबाई शेजारीण असली तरी घरातलीच होती. सत्त्याहत्तर साली पिंपरीची कंपनी सोडून भीमराज कुवेतला वेल्डर म्हणून गेला, त्याला आता दोन वर्षं झाली. कस्तुराला अक्षर वाचता येत नव्हतं. नवऱ्याचं प्रत्येक पत्र शालनबाई वाचून दाखवायची, वर पदरचं तिखटमीठही लावायची. "आजकाल लई तोडकं लिहितो गं तुझा नवरा. तिकडं गेलेल्या पुरुषाचा काय भरवसा! तळेगावच्या एकानं तिकडंच दुसरी केली म्हणे." आणि बाईचं तोंड तरी कसलं? कंपनीचा भोंगा बरा! इथं बोललेलं संध्याकाळपर्यंत सगळ्या चाळीला ठाऊक.

"त्या हितंच बसतील," कस्तुरा म्हणाली. "काय इचारायचं त्ये इचारा."

बॅगवाल्यानं नाइलाजानं कागद काढले. भीमराज तुमचेच मालक ना? लग्नाचा काही पुरावा? परत यायचा विचार आहे का त्यांचा? नांदत्या बाईला लग्नाचा पुरावा कोण मागतं?

शालनबाईनं तिला कोपरानं ढोसलं. "सोडचिठ्ठी गं बाई," ती कुजबुजली. "दुसरं काय असणार!"

"मालकांची सही होऊन आलीय," माणूस म्हणाला. "तुमची हरकत नसेल तर इथं अंगठा द्या. आज शेवटचा दिवस आहे."

सही होऊन आलीय! कस्तुराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पहाटे उठून त्याचे डबे भरले, त्याच्या आईचं दुखणं काढलं, ते याच्यासाठी?

"हाय! हरकत हाय माजी!" तिनं कागद हिसकावला आणि टराटरा फाडला. "सांगा त्येला, मी जित्ती हाय तवर अंगठा मिळायचा न्हाई!"

"शाब्बास!" शालनबाई म्हणाली.

माणूस चिडला नाही. खाली वाकून त्यानं तुकडे गोळा केले.

"मी बँकेतनं आलो होतो, बाई. चिंचवडच्या सोसायटीतल्या घरासाठी. चाळीत बोभाटा नको, पत्रं शेजारीण वाचते म्हणून पत्रातही लिहिता येत नाही, बायकोला एकटीलाच सांगा, असं मालकांनी बजावलं होतं. आता नवा कागद कुवेतहून येईपर्यंत सोसायटी काही थांबायची नाही."

शालनबाई कधी उठून गेली ते कळलंही नाही. कस्तुरानं त्याच्या हातातले तुकडे घेऊन जमिनीवर जुळवायला घेतले.

"त्येंचं घर... मी घालवलं?"

"त्यांचं नाही," माणूस बॅग बंद करत म्हणाला. "त्यांच्या नावावर फक्त कर्ज होतं. घर तुमच्या."