बोट कोणाचं?

रेल्वे फाटकावर पूल झाला आणि मध्य प्रदेशातल्या बालाघाटची गिऱ्हाइकं डोक्यावरून जायला लागली. पुलाखाली विमलाबाईंचं शिवणकामाचं दुकान तेवढं तग धरून होतं. एका सकाळी ठेकेदाराचा माणूस येऊन पार्किंगसाठी तेच टेपानं मोजू लागला.

“हमारे नक्शे में तो ये दुकान खाली है.”

“खाली? अन् मशीनवर बसून राह्यलं ते काय मायं भूत होय?”

विमलाबाईंच्या मनात पाल चुकचुकली. कोणीतरी बोट दाखवल्याशिवाय हे व्हायचं नाही. समोरचा मेडिकलवाला टेकचंद! दर सभेत पार्किंगसाठी घसा कोरडा करणारा तोच. त्या तडक त्याच्या काउंटरवर गेल्या.

“टेकचंदभाऊ, मायं दुकान खाली हाय म्हनून तूच सांगितलं ना?”

“मी काहून सांगू, वैनी? चाला, त्यालेच विचारू.”

ठेकेदाराचा माणूस दोघांना पुलाच्या चढावर घेऊन गेला. “सर्वेवाले तो ऊपर से ही निकल गए थे. यहीं पढ़ लिया.”

कठड्याला पाटी होती. गिऱ्हाइकांनी उतरून यावं म्हणून विमलाबाईंनीच चांगली मायबोलीत रंगवून घेतलेली: ‘विमलाबाई ब्लाऊज सेंटर. दुकान खाली.’

आणि शेजारी, हौसेनं काढून घेतलेला बांगड्यांचा हात. त्याचं बोट थेट त्यांच्याच दुकानाकडं.